अर्धी हार

माझ्या मावसबहिणीला माझ्याच यंत्राने नापास केलं, आणि तेही ऐन जेवणाच्या वेळी. राज्याच्या महिला कबड्डी संघासाठी शिबिराला बोलावलेल्या मुली ताटं हातात धरून रांगेत उभ्या होत्या आणि खानावळीच्या भिंतीवरच्या पडद्यावर निकाल सरकत होता. भैरवी पालशेतकर हे नाव खालून दुसरं आलं. पुढे लिहिलं होतं, ‘भरवशाची चढाई नाही.’

भैरवीने ते वाचलं, ताटातल्या आमटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“इराताय, तुझी ही पेटी आंधळी हाय काय गो?”

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. त्या पेटीचं नाव ‘पारडं’. ते मी बांधलेलं होतं आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. मैदानावरचे कॅमेरे आणि मॅटखालचे संवेदक प्रत्येक चढाई टिपत. चढाई कोणत्या प्रकारची, समोर कोपरा कोण सांभाळतंय, ही दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई आहे का, एवढं कळलं की गुण मिळण्याची शक्यता किती हे पारडं सांगे. खेळाडूच्या मनगटावर पट्टा असे. एक ठोका म्हणजे हातस्पर्श कर, दोन म्हणजे लाथ, तीन म्हणजे उडी. पट्ट्याचं ऐकलं नाही तर शिस्तीचे गुण कापले जात. दोन वर्षांत हे इतकं रुळलं होतं की पारड्यात जिचं नाव खाली, तिला कुठलाच क्लब दारात उभं करत नसे. दुसऱ्या दिवशी सराव सामना होता, आणि संध्याकाळी बाराजणींचा संघ जाहीर व्हायचा होता. म्हणजे भैरवीकडे एकच दिवस होता.

आणि भैरवी साधीसुधी चढाईपटू नव्हती. आमचं गाव खाडीकाठी आहे. ओहोटीला माझी मावशी चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते, हाताने कमी आणि पायाने जास्त. भैरवी चालायला लागली तेव्हापासून तिच्या मागे असायची. चिखलात आधी अंगठा टाकायचा, मग चवडा, आणि खाली घट्ट लागलं तरच वजन. हेच तिने मॅटवर आणलं. ती डाव्या कोपऱ्याकडे अर्धी पाठ करून खाली बसते, बघते उजवीकडे, आणि तिचा एक पाय मॅटवरून सरपटत जाऊन कोपऱ्यातल्या पोरीच्या पावलाला लागून परतसुद्धा येतो. त्या पोरीला कळतं तेव्हा भैरवी मध्यरेषेपाशी असते. समालोचकांनी त्या चढाईला ‘चिखली’ नाव दिलं होतं. हंगामात तिने ती अकरा वेळा केली होती आणि अकराही वेळा गुण आणला होता.

मग पारडं तिला ‘भरवशाची नाही’ कसं म्हणतं? मी ताट तसंच ठेवलं आणि संगणकाच्या खोलीकडे पळाले.

इथे थोडं आकडेशास्त्र सांगावं लागेल, पण घाबरायचं कारण नाही. चढाईचा प्रकार हे नाव आहे, आकडा नाही. हातस्पर्शाला एक, लाथेला दोन आणि उडीला तीन असे क्रमांक देऊन ते तसेच गणितात घातले, तर यंत्र समजतं की उडी म्हणजे हातस्पर्शाच्या तिप्पट काहीतरी आहे. ते वेडेपण होईल. म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक नावासाठी वेगळं बटण करतं. लाथ मारली तर लाथेचं बटण चालू, बाकीची बंद. एका नावाला मात्र बटणच देत नाहीत. ते नाव म्हणजे पाया. आमच्याकडे पाया होता हातस्पर्श. बाकी प्रत्येक प्रकाराला एक अंक मिळतो, आणि तो एवढंच सांगतो की हातस्पर्शापेक्षा हा प्रकार किती बरा किंवा किती वाईट. तुलना असते जमण्याची आणि फसण्याची, म्हणजे एकदा फसलं तर त्यामागे किती वेळा जमलं.

आता चिखलीचं बघा. अकरा वेळा जमली, आणि फसली एकदाही नाही.

मी आतला मजकूर उघडला आणि ओळ न् ओळ वाचत गेले. सॉफ्टवेअर योग्य अंक एका दमात काढत नाही, चाचपडत जातं. त्याने चिखलीला पाच दिले. जुळलं. सहा दिले, आणखी चांगलं जुळलं. मग सात, मग आठ. जिची एकही हार नाही तिला कितीही मोठा अंक द्या, तो आधीच्यापेक्षा जास्तच जुळणार. ते बिचारं चढत राहिलं आणि शेवटी दमून थांबलं. थांबताना त्याने प्रामाणिकपणे एक लाल ओळ लिहिली होती. या प्रकाराचा अंक ठरत नाही, माझ्या उत्तरावर विसंबू नका.

ती लाल ओळ मीच झाकून टाकली होती. निवड समितीच्या अध्यक्ष कुमुदिनी दरेकर मॅडमना पडद्यावर लाल अक्षरं खपत नसत. “पाहुणे येतात, काहीतरी बिघडलंय असं वाटतं,” म्हणायच्या. म्हणून मी सगळे इशारे बंद करून ठेवले होते. आणि अंक ठरत नाही म्हटल्यावर त्याची अनिश्चितता आभाळाएवढी निघाली, त्यामुळे अहवालात छापलं गेलं ‘हातस्पर्शापेक्षा वेगळी असल्याचं सिद्ध नाही’. जे सिद्ध नाही ते ‘इतर’मध्ये टाकायचं, हा नियमही माझाच. ‘इतर’मध्ये होतं काय? पाय घसरून पडणं, तोल जाणं, गोंधळून आत शिरणं. भैरवीच्या सर्वांत सुंदर अकरा चढाया त्या कचऱ्यात जाऊन पडल्या होत्या.

सगळ्यात चांगली चढाई यंत्राला दिसत नव्हती, कारण ती कधी फसलीच नव्हती. मी खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं. एवढी सुरेख चूक रोज सापडत नाही.

प्रशिक्षक घाणेकर सर व्हरांड्यात गुडघ्याला पट्टी बांधत बसले होते. भैरवी शेजारी उभी होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि पट्टीची गाठ मारली.

“म्हणजे पेटीला एक हार पाहिजे,” सर म्हणाले. “सोपं आहे. उद्या एकदा चिखली कर आणि पकडली जा. पेटीचं पोट भरेल.”

“मी मुद्दाम पडणार नाय,” भैरवी म्हणाली.

“एका गुणाचा प्रश्न आहे ग. संघात जागा मिळतेय त्याच्यापुढे काय ते?”

“आमची आय इतकी वर्षं चिखलात जाते सर. तिने कधी मुद्दाम पाय रुतवलान काय? मी का रुतवू?”

मी मध्ये पडले. “भैरे, सर म्हणतात ते तसं खोटं नाही. एक हार आली तर अंक ठरेल आणि तू वर येशील. माझा हिशेब आहे.”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच तिला पकडायला आले आहे. “तुझी पेटी चुकली, आणि हरायचं मी? वा गो वा.”

मी दुसरंच विचारलं, कारण ते मघापासून डोक्यात वळवळत होतं. “तू अकरा वेळा चिखली केलीस. करायला गेलीस आणि मग केली नाहीस, असं किती वेळा झालं?”

“ते मोजायचं असतं काय? अंगठ्याला कळतं. खाली पोकळ लागलं की पाय मागे.”

पारडं रिकाम्या चढाया धरतच नसे. पोकळ लागलं म्हणून भैरवी जेव्हा जेव्हा परत फिरली, ते यंत्राच्या लेखी घडलंच नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं, पण नीट कळलं नाही. डोक्यात उत्तराची घाई चालली होती आणि मी परत खोलीकडे पळत सुटले. मागून भैरवी म्हणाली, “हिला कबड्डीत घ्या सर. पळते बरी.”

उपाय जुना आहे, मला त्याचा विसरच पडला होता. प्रत्येक प्रकाराच्या खात्यात सुरुवातीलाच अर्धा विजय आणि अर्धी हार टाकून ठेवायची. जो प्रकार हजारदा झाला आहे त्याला या अर्ध्याने काही फरक पडत नाही. पण जो थोड्याच वेळा झाला आहे आणि कधी फसलेला नाही, त्याला ती अर्धी हार खाली धरून ठेवते. पतंगाला दोरी असते तेवढीच ती. यंत्राने म्हणायचं की तू कधी हरली नाहीस हे मान्य, पण जगात न हरणारं काही नसतं, म्हणून अर्धी हार उधार धरतो.

मी बदल केला आणि पुन्हा चालवलं. अंक चढला, चढला, मंदावला आणि थांबला. स्वच्छ थांबला. चिखली सगळ्या प्रकारांच्या वर, शक्यता पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास. मी एकटीच खोलीत मोठ्याने हसले. बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

दरेकर मॅडमनी माझं सगळं बोलणं चष्मा पुसत ऐकलं.

“अर्धी हार म्हणजे? खेळाडू पकडली जाते किंवा जात नाही. अर्धी पकड मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही.”

“हिशेबातली आहे मॅडम. यंत्राला पाय टेकायला जमीन मिळावी म्हणून.”

“इरावती, तुझी हुशारी मला ठाऊक आहे. पण ही तुझी बहीण. उद्या पेपरवाले म्हणतील, बहिणीसाठी यंत्र वाकवलं.” त्यांनी चष्मा घातला. “असं कर. उद्याच्या सामन्यात तिच्या पट्ट्यावर तुझं नवीन चालव, माझी हरकत नाही. निवड मात्र मंजूर झालेल्या आवृत्तीवरच होईल.”

मंजूर आवृत्ती म्हणजे जुनी, जिला पूर्ण हारच हवी होती. तरी मी आशा सोडली नाही. उद्या भैरवीने सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चार चिखल्या मारल्या तर मॅडमसुद्धा माणूसच आहेत, असं मी मनाला समजावलं. चिखलीसाठी तिच्या पट्ट्यात चार ठोके बसवले आणि संध्याकाळी तो तिच्या हातावर बांधला. “चार ठोके वाजले की डोळे मिटून कर,” मी म्हणाले. “पंचाण्णव टक्के आहेत.”

“डोळे मिटून चिखलात कोण जातं गो?” ती म्हणाली, पण पट्टा तिने बांधू दिला.

सामना सकाळी सुरू झाला. भैरवी पिवळ्या संघात होती. समोरच्या निळ्या संघाचा डावा कोपरा रुक्साना मुजावर सांभाळत होती. मिरजेची ही पोरगी दिसायला शांत, पण घोटा तिच्या पंजात सापडला की पंच येऊन सोडवेपर्यंत सुटत नाही. मीही शाळेत कोपऱ्यातच खेळले आहे, त्यामुळे तिच्या पायांवरून माझी नजर हलत नव्हती.

भैरवीची पहिली चढाई. माझ्या पडद्यावर चार ठोके गेले. भैरवी खाली बसली, पाय सरपटला, आणि अर्ध्यातून परत आला; रुक्साना घोट्यावर टपलेलीच होती. रिकाम्या हाताने ती मागे आली. शिस्तीचे गुण कापल्याचा आवाज झाला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

थोड्या वेळाने पुन्हा तिची पाळी आली. या वेळी पट्ट्याने एकच ठोका दिला, हातस्पर्श. भैरवी उजवीकडे दोन पावलं गेली, हात पुढे केला, सगळा निळा संघ तिकडे झुकला आणि तिचा डावा पाय रुक्सानाच्या पावलाला चाटून आला. मला तो जाताना दिसलासुद्धा नाही. रुक्साना खाली बघत राहिली. मी टेबलावर चढून ओरडत होते आणि घाणेकर सर माझी ओढणी ओढत मला खाली उतरवत होते. शिस्तीचे गुण पुन्हा कापले गेले. दोनदा पट्टा बोलला होता आणि दोनदा तिने त्याच्याविरुद्ध केलं होतं, आणि दोन्ही वेळा तीच बरोबर होती. हे तरी मला दिसायला हवं होतं.

सामना ताणला गेला. शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघांचे गुण सारखे, पिवळ्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेलेल्या. तिसरी चढाई म्हणजे गुण आणायचाच, नाहीतर बाद. सरांनी भैरवीला पाठवलं.

माझ्या पडद्यावर चार ठोके गेले.

भैरवी मध्यरेषा ओलांडून आत शिरली. दम घुमत होता. ती डाव्या कोपऱ्याकडे अर्धी पाठ करून बसली, आणि मला रुक्सानाची टाच दिसली. टाच वर होती. सगळं वजन मागच्या पायावर घेऊन ती झेप घ्यायची वाट बघत होती. माझ्यासारखी शाळेतली कोपरेवाली जे बघू शकते, ते भैरवीला दिसलं नसेल असं होऊच शकत नव्हतं. तिचा अंगठा पुढे गेला, थांबला. तिने मान वर केली आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांची नखं खात होते.

मग तिने वजन टाकलं.

रुक्सानाचे पंजे घोट्यावर मिटले आणि बाकीच्या पाचजणी वरून आल्या. शिट्टी वाजली. पिवळा संघ एका गुणाने हरला. ढिगाखालून भैरवी बाहेर आली तेव्हा तिचं कोपर सोललं होतं आणि रुक्साना तिच्या पाठीवर थाप मारत होती. पिवळ्या पोरींनी माना खाली घातल्या होत्या. पहिली हार, आणि ती माझ्या ठोक्यावर.

पण मंजूर आवृत्ती कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. सामना संपताच तिने नवीन चढाया पोटात घातल्या आणि गणित पुन्हा सुरू केलं. चिखलीचा अंक चढला, आणि या वेळी त्याला वर जायला वाट राहिली नाही. एक हार मिळाली होती. अंक थांबला. अनिश्चितता आवाक्यात आली. ‘सिद्ध’ असा शेरा आला, चिखली ‘इतर’मधून बाहेर पडली आणि तिच्या साऱ्या चढाया एकदम भैरवीच्या नावावर जमा झाल्या. पडद्यावर नावं हलली. कापलेले शिस्तीचे गुण धरूनही भैरवी पालशेतकर तळातून उठून थेट वरून चौथ्या जागेवर येऊन बसली.

दरेकर मॅडम समाधानाने माझ्याकडे वळल्या. “बघ, मंजूर आवृत्तीनेच घेतली. तुझ्या अर्ध्याची गरज पडली नाही.”

मी बर्फाची पिशवी घेतली आणि भैरवीकडे गेले. ती मॅटच्या कडेला पाय पसरून बसली होती. निकाल तिने पाहिला होता, पण ती हसत नव्हती आणि रडतही नव्हती.

“टाच दिसली होती ना तुला?” मी विचारलं.

“दिसली.”

“मग का टाकलंस वजन?”

तिने बर्फ कोपरावर दाबला. “रातभर विचार करत होते. मुद्दाम पडायचं नाय, हे ठरलेलं. पण पट्टा वाजला आणि तू तिकडे नखं खात उभी. म्हटलं, ही कधीपासून धडपडते माझ्यासाठी. एकदा हिचं ऐकून बघू.” तिने पट्टा सोडला आणि माझ्या हातात ठेवला. “ऐकलं. आता परत नाय ऐकणार.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. ती म्हणाली, “अगो, संघात गेले ना मी? मग गप.” आणि बर्फाची पिशवी माझ्या मानेत खुपसली. मी किंचाळले आणि मग आम्ही दोघीही हसत सुटलो.

दुपारी मी पारड्याशी बसले. आदल्या दिवशी जे अर्धवट कळलं होतं ते आता पुरतं कळलं होतं. तेरा चिखल्यांमध्ये फरक पायाचा नव्हता. बारा वेळा भैरवीने स्वतःच्या अंगठ्याचं ऐकलं होतं आणि एकदा माझं. यंत्राला हे सांगायला जागाच नव्हती. म्हणून मी ती केली. पट्ट्याविरुद्ध गेल्याबद्दल कापायचे गुण काढून टाकले आणि प्रत्येक चढाईपुढे एक नवीन नाव जोडलं, ‘कोणाचं ऐकून’. त्याचे दोनच प्रकार, ‘स्वतःचं’ आणि ‘पट्ट्याचं’. इशारेही सगळे पुन्हा चालू केले.

मग चिखली तेवढी वेगळी काढली आणि रात्री जेवणं चालू असताना खानावळीतल्या पडद्यावर चालवली. ‘स्वतःचं’ खाली नुसते विजय होते. ‘पट्ट्याचं’ खाली एकच चढाई होती, आणि ती हार होती. पट्ट्याचा अंक खाली निघाला. उणे पाच, उणे आठ, उणे बारा. त्याला तळ सापडेना. शेवटी तो दमून थांबला आणि खानावळीच्या भिंतीवर, सगळ्यांच्या ताटांसमोर, ती लाल ओळ मोठ्या अक्षरांत उमटली.

दरेकर मॅडमचा चमचा तोंडाशी थांबला. “इरावती, हे लाल काय आलंय?”

“यंत्र सांगतंय मॅडम, की त्याला अजून कळलेलं नाही,” मी म्हणाले आणि भैरवीच्या ताटात आमटी वाढली.